असे वाचावे

ऑक्टोबर लागला की मला काही सुचेनासं होतं. उकाड्याने ते सगळ्या मुंबईचंच होतं, पण माझं जरा जास्त होतं, कारण आमच्या क्षेत्रात हा अर्ज करण्याचा हंगाम. खगोलशास्त्रात पीएचडी झालेली जगभरातली माणसं या दिवसांत कुठल्यातरी परक्या गावातल्या दोन-तीन वर्षांच्या फेलोशिपसाठी अर्ज करत बसतात. ती वर्षं संपत आली की पुन्हा बसतात. मीही पुन्हा बसले आहे. दिवाळीसाठी म्हणून हॉलंडहून फणसवाडीत घरी आले, तर रजेतल्या सगळ्या दुपारी लॅपटॉपसमोर जातायत.

“तो तुझा कॉम्प्युटर उचल गं टेबलावरून, मला चकल्या पसरायच्यात,” आई म्हणते. मी उचलते आणि मांडीवर घेते. तळणाचा वास घरभर झालेला, पंखा नुसती गरम हवा इकडची तिकडे करतोय, खाली कंदिलाची वायर ओढताना कोणीतरी कोणाला तरी अस्सल गिरगावी शब्दांत काहीतरी सुनावतंय, आणि समोरच्या रकान्यात लिहिलंय : तुमच्या आजवरच्या संशोधनाबद्दल सांगा. एवढं वाचलं की माझं आजचं राहतं बाजूला आणि मी त्या पहिल्या अर्जाच्या ऑक्टोबरात जाऊन पडते.

तेव्हा मला काय काय कळत नव्हतं याची यादी केली तर अर्जापेक्षा लांब होईल. मुळात जायचंय की नाही, हेच कळत नव्हतं. सोमवारी वाटायचं, इथे काय ठेवलंय, जावं. बुधवारी आईबरोबर दादरला झेंडू आणायला जायचे, त्या ओल्या, तुडवलेल्या पाकळ्यांच्या वासात उभी राहायचे आणि वाटायचं, हे सगळं सोडून कोण जातं? गुरुवारी पुन्हा सोमवारसारखं. ज्या देशांत जायचं ते नकाशावर शोधायचे आणि तिथे डिसेंबरात चार वाजता अंधार पडतो हे वाचून नकाशा बंद करायचे. तारे बघणाऱ्या बाईने अंधाराला घाबरावं, हेही माझं मलाच कळायचं नाही.

“तुला जायचंय की नाही ते एकदा सांग,” आई म्हणाली. “मला भाजणी किती दळायची ते कळेल.”

“माहीत नाही गं.”

“मग दोन किलो दळते,” आईने ठरवून टाकलं. दोन किलोचा आणि माझ्या भविष्याचा संबंध काय, ते मला आजतागायत उमगलेलं नाही. पण घरात कोणीतरी काहीतरी ठरवलं, म्हणून बरं वाटलं होतं.

मुदतीचाही घोळ होताच. अर्जाची शेवटची तारीख दिलेली असायची आणि तिच्यापुढे लिहिलेलं असायचं, ‘पृथ्वीवर कुठेही’. म्हणजे ती तारीख पृथ्वीच्या कुठल्याही कोपऱ्यात शिल्लक असेपर्यंत अर्ज चालेल. मी कागदावर पृथ्वी काढली, वेळेच्या रेषा ओढल्या, अर्धा तास हिशेब घातला आणि निघालं काय, तर आपल्याकडे दुसऱ्या दिवशीच्या संध्याकाळी साडेपाचपर्यंत. बाबा पलीकडे पेपर वाचत होते. ते म्हणाले, “एवढं काय त्यात? आमची खिडकीपण साडेपाचलाच बंद व्हायची.”

बाबा एका सरकारी कचेरीत कारकून होते. आवक-जावक विभागात बसून त्यांनी आयुष्यभर दुसऱ्यांच्या कागदांवर जावक क्रमांक घातले. निवृत्त झाल्यावर वाडीने त्यांना नव्याने कामाला लावलं. गॅसचं कनेक्शन असो, शाळेचा दाखला असो नाहीतर गळक्या छताची तक्रार, वाडीतला प्रत्येक अर्ज आमच्या टेबलावर यायचा. बाबा लाकडी फूटपट्टी ओळीखाली धरून वाचायचे, ओळ संपली की पट्टी खाली सरकवायचे. त्यामुळे आमच्या घरातून कुठलाही कागद बाबांनी बघितल्याशिवाय बाहेर जाणं शक्यच नव्हतं. माझ्या अर्जाचा पहिला मसुदाही त्यांनी वाचला. इंग्रजी होता, पण कचेरीतल्या इंग्रजीवर त्यांचा हात बसलेला.

“यात विनंती कुठंय?” वाचून झाल्यावर ते म्हणाले.

“बाबा, यात विनंती नसते. आपण काय केलं ते सांगायचं असतं.”

“मग याला अर्ज कसं म्हणायचं? ही जाहिरात झाली.”

मला हसू आलं, पण ते बोलले ते माझ्या मनातलंच होतं. आमच्याकडे ‘मी केलं’ असं म्हणणं बरं दिसत नाही. लाडू उत्तम झाले तर आई म्हणते, तूप चांगलं होतं. बाबांनी कोणाचं अडलेलं पेन्शन सोडवलं की म्हणतात, साहेब भला माणूस निघाला. त्या घरात वाढलेल्या मुलीने अर्ज लिहिला, तो पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत ‘आम्ही’ने भरलेला होता. आम्ही निरीक्षणं घेतली, आम्हाला दिसलं, आम्ही तपासलं. जिथे ‘आम्ही’सुद्धा जड वाटलं तिथे मी ‘असे आढळून आले’ असं लिहून मोकळी झाले होते.

आता ग्रहाचं सांगायला हवं. ते टाळण्यासाठीच तर ‘आम्ही’ होता.

त्याआधी दोनेक वर्षं, पीएचडी चालू असताना, आमचा पाचसहा जणांचा गट काही ताऱ्यांच्या उजेडाची मोजणी करत होता. ताऱ्याभोवती फिरणारा ग्रह आपल्या आणि ताऱ्याच्या मधे आला की ताऱ्याचा उजेड किंचित कमी होतो, मग पूर्ववत होतो, आणि ठरावीक दिवसांनी पुन्हा कमी होतो. एका ताऱ्याच्या आलेखात तशी घट मला दिसली, सगळ्यांच्या आधी. अशा ग्रहाला, तो पक्का ठरेपर्यंत, आमच्या भाषेत नुसता ‘उमेदवार’ म्हणतात. मॅडमनी, म्हणजे माझ्या गाइडनी, हे आम्हाला पहिल्याच दिवशी बजावलेलं. पण मी कॉरिडॉरमध्ये पळत गेले, घरी फोन लावला आणि म्हणाले, “बाबा, ग्रह सापडला!”

संध्याकाळी घरी आले तर वाडीच्या तोंडाशी असलेल्या फळ्यावर बाबांच्या सुवाच्य अक्षरात लिहिलेलं होतं, ‘आपल्या वाडीतील कु. मनीषा हिने नवीन ग्रह शोधला. हार्दिक अभिनंदन.’ याच फळ्यावर एरवी पाणी कधी येणार नाही आणि कोण वारलं ते लिहितात. पेढे वाटून झाले होते. तळमजल्यावरच्या सामंतकाकूंनी मला जिन्यातच थांबवून ओवाळलं आणि विचारलं, “गो, शुभ आहे ना हा? नाहीतर आपल्याच राशीला यायचा.” बाबा मागे उभे होते. त्यांना इतकं खुललेलं मी कधी पाहिलं नव्हतं. त्या दिवसापासून त्यांची चालच बदलली. दादरला एका लग्नात त्यांनी माझी ओळख करून दिली, ती ‘ही माझी मुलगी, हिने ग्रह शोधलाय,’ अशी, आणि पंगतीतला एकजण जिलबी हातात धरून उठून उभा राहिला.

चार महिन्यांनी मला दिसलं की त्या आलेखातली एक घट थोडी खोल आहे, पुढची थोडी उथळ, मग पुन्हा खोल, पुन्हा उथळ. एकच ग्रह असता तर सगळ्या सारख्या असत्या. कितीतरी आठवडे मी ते पुन्हा पुन्हा तपासत राहिले. आमच्या ताऱ्याच्या बरोब्बर मागे, खूप दूर, दोन अंधूक तारे होते. ते एकमेकांभोवती फिरत होते आणि आळीपाळीने एकमेकांना झाकत होते. त्यांचा उजेड पुढच्याच्या उजेडात मिसळून आमच्यापर्यंत येत होता. ग्रह नव्हताच.

मॅडम म्हणाल्या, “बरं झालं, छापायच्या आधी कळलं.” आणि मी घरी सांगितलं नाही. आधी वाटलं, रविवारी निवांत सांगू. मग गणपती आले. मग बाबांची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली. मग इतके दिवस झाले की का नाही सांगितलं, हेच आधी सांगावं लागलं असतं. दीड वर्ष मी त्या घरात एका नसलेल्या ग्रहाबरोबर राहिले.

तर त्या ऑक्टोबरात मॅडमनी मला मसुदा घेऊन घरी बोलावलं. त्या करी रोडला एका टॉवरमध्ये राहतात. लालबागला बसमधून उतरले, मिरच्यांच्या दुकानांपुढून शिंकत शिंकत गेले आणि त्यांच्या बाविसाव्या मजल्यावर जाऊन बसले. मॅडमनी मसुदा वाचला, चष्मा काढला आणि विचारलं, “मनीषा, हे ‘आम्ही’ कोण आहे?”

“आपला ग्रुप, मॅडम.”

“ग्रुपला फेलोशिप द्यायची नाहीये त्यांना. तू काय केलंस? आणि तो ग्रह नाही हे तू एकटीने शोधलंस. आम्ही पाचजण बघत होतो, आम्हाला कोणाला दिसलं नाही. ते तू ‘ग्रह’ हा शब्दसुद्धा न वापरता दीड ओळीत संपवलंयस? दॅट इज युअर बेस्ट वर्क! पहिल्या पानावर घे ते.”

मी मान डोलावली. खिडकीतून परळपर्यंतचं सगळं दिसत होतं, बंद गिरणीचं एक धुराडं आणि त्याच्या आजूबाजूला क्रेनच क्रेन. पहिल्या पानावर खरं लिहावं, तर ते आधी बाबा वाचणार. न लिहावं, तर त्या अर्जात माझं असं काही उरतच नव्हतं. फेलोशिपची पात्रता त्याच वर्षी संपत होती, म्हणजे पुढच्या वर्षी लिहू म्हणायचीही सोय नव्हती. बाबांच्या आयुष्यात अभिमानाने सांगण्यासारखी एक गोष्ट मी आणून दिली होती आणि ती परत घ्यायची पाळी माझ्यावरच आली होती. येताना आईने सांगितलेला मसाला आणायचा राहिला, त्यावरून घरी बोलणी खाल्ली, आणि खरं सांगते, त्या बोलण्यांचा मला आधार वाटला.

आठ दिवस मी ते पान लिहीत आणि खोडत होते. शेवटच्या दिवसाच्या आदल्या दुपारी छापून आणलं आणि बाबांपुढे ठेवलं. त्यांनी पट्टी घेतली. मी आईच्या शंकरपाळ्या कातायला जाऊन बसले, पण कान तिकडेच होते. पट्टी सरकण्याचा आवाज येत होता. मग यायचा थांबला.

“मनू, हा कुठला ग्रह?”

“तोच, बाबा.”

“नव्हता?”

“नव्हता.”

“तुला कधी कळलं?”

“दीड वर्ष झालं.”

आईने गॅस बारीक केला. बाबा रागावतील असं वाटलं होतं, रागावले असते तर सोपं गेलं असतं. त्यांनी पट्टी त्या ओळीवरच ठेवून खुर्ची माझ्याकडे वळवली. मग म्हणाले, “समजावून सांग.” मी टेबलावर तीन पणत्या मांडल्या, एक पुढे, दोन मागे, आणि कोण कोणाला झाकतं ते दाखवलं. त्यांनी दोनदा बघितलं.

“म्हणजे मागच्या दोघांची नोंद पुढच्याच्या फायलीला लागली.”

“हो.”

“आमच्याकडे हे रोज व्हायचं.” ते पुन्हा कागदाकडे वळले. “आणि हे लक्षात कोणाच्या आलं?”

“माझ्या.”

“एकटीच्या?”

“हो.”

“मग हे काय लिहिलंयस, ‘असे आढळून आले’? कोणाला आढळून आलं? आपोआप आढळतं का काही?” ज्या माणसाने जन्मभर ‘असे आढळून आले’ एवढंच लिहिलं, त्याने पेन्सिलीने ते खोडलं आणि वर छोट्या अक्षरात इंग्रजीत लिहिलं, ‘मी’. तसं त्यांनी त्या पानावर सात ठिकाणी केलं. पान संपल्यावर पट्टी बाजूला ठेवली आणि म्हणाले, “आता शुद्धिपत्रक काढावं लागेल.”

मला आधी कळलंच नाही. त्यांनी शांतपणे सांगितलं. परिपत्रकात चूक झाली तर गुपचूप नवीन काढायचं नसतं. शुद्धिपत्रक काढायचं, आणि ज्यांना ज्यांना मूळ कागद गेला त्यांना त्यांना तेही गेलं पाहिजे, तेवढ्याच ठळकपणे.

“बाबा, लोक विसरलेत हो.”

“विसरले असतील. पण मजकूर चुकीचा गेलाय, आणि माझ्या अक्षरात गेलाय.”

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी फळा ओल्या फडक्याने पुसला आणि लिहिलं, ‘शुद्धिपत्रक : या फळ्यावर पूर्वी प्रसिद्ध झालेल्या मजकुरात “नवीन ग्रह शोधला” याऐवजी “ग्रह नसल्याचे शोधले” असे वाचावे.’ खाली सही केली. मी गॅलरीतून बघत होते. येणारेजाणारे थांबत होते, वाचत होते आणि हातात दुधाची पिशवी घेऊन पुन्हा वाचत होते. दुसऱ्या मजल्यावरचा संदेश वर बघून ओरडला, “काय मनूताई, ग्रहाची विकेट काढली म्हणे!” सामंतकाकूंना तर काही उलगडेना.

“म्हणजे होता तो गेला?”

“नव्हताच, वहिनी,” बाबा म्हणाले.

“मग आम्ही पेढे कशाचे खाल्ले?”

“चुकीचे खाल्ले.”

कोणी हसलं, कोणी खांद्यावर थोपटलं. बाबा तासभर तिथे उभे राहून प्रत्येकाला मागच्या दोन ताऱ्यांचं सांगत होते, कोणाला कळत होतं, कोणाला नव्हतं. वरून मला फक्त त्यांचं टक्कल आणि खडूने माखलेला सदरा दिसत होता. मला रडू येत होतं आणि अभिमानही वाटत होता. दोन्हींतलं जास्त काय होतं, ते आजही सांगता येणार नाही. त्या संध्याकाळी साडेपाचच्या आत, पृथ्वीवर सगळीकडेच ती तारीख संपण्यापूर्वी, मी अर्ज पाठवला.

फेब्रुवारीत उत्तर आलं. मी स्वयंपाकघरातूनच ओरडले, “बाबा, मिळाली!” आई धावत आली, तिने माझा गालगुच्चा घेतला. बाबा खुर्चीतून उठले नाहीत. त्यांनी चष्मा पुसला.

“पुन्हा एकदा वाच,” म्हणाले. मी वाचलं. “सहीचं पत्र आलंय?”

“यायचंय.”

“मग आल्यावर बघू.”

पत्र आलं. मग ते म्हणाले, व्हिसा होऊ दे. व्हिसा झाला, तिकीट झालं, बॅगा भरल्या, आणि रोज ते मला एकदा तरी विचारायचे, “तिकडून काही शुद्धिपत्रक नाही ना आलं?” गमतीने विचारायचे, पण उत्तर मिळेपर्यंत थांबायचे. फळ्यावर काही लिहिलं नाही. मला तो पहिला माणूस हवा होता, एका फोनवर सगळ्या वाडीचं तोंड गोड करणारा. मला फार हवा होता. खरं काय ते शोधण्याचं शिक्षण मी घेतलं होतं, त्याची किंमत बाबांनी का द्यावी, हे मला कळत नव्हतं. आणि खरं लिहिलं नसतं तर ही फेलोशिप मिळाली नसती, हेही तितकंच खरं होतं. हॉलंडला पोचल्यावर तीन आठवड्यांनी आईकडून कळलं की बाबांनी आता कुठे खाली वाडीत फेलोशिपचं सांगितलं.

तिकडचं काय सांगू? बरं आहे. ढग खूप असतात. माणसं वेळेवर येतात आणि वेळेवर जातात. काम आवडतं. ‘मी’ लिहायला मला आता त्रास होत नाही, आणि कधीकधी त्याचाच त्रास होतो. फोनवर आई विचारते, जेवलीस का. बाबा विचारतात, आकाश कसं आहे.

काल फराळाचं ताट घेऊन खाली सामंतकाकूंकडे गेले. त्या आता घरातल्या घरात काठी घेऊन चालतात. त्यांनी चकलीचा तुकडा मोडून बघितला, आईचं कौतुक केलं, मला जवळ बसवून घेतलं.

“तुझ्या बाबांना काय झालंय गो?” त्या म्हणाल्या. “परवा सहज विचारलं, मनू खूश आहे ना तिकडे? तर म्हणतात, ‘आहे, बहुतेक.’ हे काय उत्तर झालं? बापाने असं बोलायचं? हो म्हणावं की सरळ!”

मी हसले. मी बोलते हां त्यांच्याशी, असं सांगून उठले. जिना अर्धा चढून गेले आणि बाबांना काय सांगायचं ते मनात जुळवायला थांबले. जिन्यात उभी राहून मी बाबांचं ते उत्तर दोनदा तपासलं, आणि त्यात मला काहीच दुरुस्त करता येईना.